ब्रह्मकमळ आणि घड्याळवालं बोट

आमच्या गॅलरीतलं ब्रह्मकमळ पावसाळ्यात फुलतं. दिवसभर खाली मान घालून बसलेली कळी संध्याकाळी वर बघायला लागते, आठच्या सुमाराला तिचं तोंड किलकिलं होतं आणि बारापर्यंत बशीएवढं फूल तयार. सकाळी पाहावं तर मान टाकलेली. (हे आपलं कुंडीतलं ब्रह्मकमळ म्हणजे निवडुंगाचा भाऊबंद, मूळचा मेक्सिकोकडचा. हिमालयातल्या ब्रह्मकमळाशी त्याचं नावापुरतंच नातं.) त्या रात्री खालच्या मजल्यावरचे काका-काकू, आमची आत्या, शेजारची पोरं, सगळी गॅलरीत दाटीवाटीने बसतात. चार तास सगळ्यांचे डोळे एका कळीवर. तरी दरवर्षी होतं तेच. उमललेलं फूल सगळे बघतात, उमलताना मात्र कुणालाच दिसत नाही.

घड्याळाचा तासकाटाही असाच. तो फिरतो यात शंका नाही, पण फिरताना त्याला कुणी पकडलेलं नाही. एका क्षणातला बदल अगदीच बारीक असला की डोळ्याला तो हालचाल म्हणून कळतच नाही. दोन क्षणांमधलं अंतर वाढवलं, म्हणजे आत्ता एकदा पाहिलं आणि मग पाऊण मिनिटाने पाहिलं, तर फरक कळतो. असे पाऊण मिनिटाच्या अंतराने काढलेले फोटो भराभर एकामागून एक दाखवले की फूल डोळ्यांदेखत उमलतं. टाइमलॅप्स म्हणतात ते एवढंच.

पहिल्या वर्षी मी हे हातानेच करायला गेलो. कॅमेरा तिपाईवर, समोर स्वयंपाकघरातलं घड्याळ, दर मिनिटाला बटण. फिल्म जोडल्यावर तीन गोष्टी दिसल्या. प्रत्येक फोटोत कॅमेरा केसभर हललेला, त्यामुळे फूल थंडी भरल्यासारखं थरथरत होतं. सव्वानऊला पानं वाढली तेव्हा कळीने एकदम उडी मारली होती. आणि अकरानंतर फुलाचा वेग वाढला होता, कारण मी पेंगत होतो.

न थकता, न हलता आणि न जेवता बटण दाबणारं बोट हवं. त्या बोटाला बाजारात इंटरव्हॅलोमीटर म्हणतात. साध्या भाषेत टायमर. तो कुठला घ्यावा, घ्यावाच का, आणि घेतल्यावर कुठे फसतो, हे त्याचं पोट उघडून पाहिलं की समजतं.

फाळक्यांचा वाटाणा

आपल्याकडे टाइमलॅप्सचं हे काम पहिल्यांदा गाजलं ते दादासाहेब फाळक्यांच्या हातून. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांना चित्रपटासाठी भांडवल हवं होतं आणि पैसे लावणाऱ्यांना हा प्रकार काय आहे ते दाखवायचं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला आणि कोंब फुटून त्याचा वेल होईपर्यंत महिनाभराहून जास्त काळ त्याचं चित्रण केलं. ‘अंकुराची वाढ’ ही त्यातून तयार झालेली चित्रफीत मिनिटभराहून थोडीशीच मोठी होती. ती पाहून कर्ज मिळालं आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

हिशोब मांडून बघा. मूकपटांच्या त्या काळात सेकंदाला साधारण सोळा चौकटी धरतात. म्हणजे मिनिटाला ९६०. त्या तीस दिवसांत वाटल्या तर दिवसाला बत्तीस. कॅमेरा हाताने फिरवायचा होता आणि त्याला जोडायला टायमर नव्हता. टायमर म्हणजे खुद्द फाळकेच.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ हा गृहस्थ फुलांच्या मागे लागला होता. त्याची ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ १९१० ची. कॅमेऱ्यातली फिल्म संपत आली की मध्यरात्री उठवायला त्याने घरभर घंटा बसवल्या होत्या. घरातल्या बाकीच्यांचं काय म्हणणं होतं, हे जाणून घ्यायला मला आवडलं असतं.

आधी पाटी-पेन्सिल, मग दुकान

टायमर विकत घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा मॉडेलं बघतो. खरं तर आधी एक गुणाकार आणि एक भागाकार करायला हवा, कारण कुठला टायमर पुरेल हे त्या उत्तरावर ठरतं.

व्हिडिओ सेकंदाला साधारण २५ चौकटींनी चालतो (कुठे २४, कुठे ३०). बारा सेकंदांची फिल्म हवी तर २५ गुणिले १२, म्हणजे ३०० फोटो. ब्रह्मकमळाला चार तास लागतात, म्हणजे १४,४०० सेकंद. भागिले ३००, उत्तर ४८. दर ४८ सेकंदांनी एक फोटो. एवढंच गणित.

हेच गणित ढगांना लावा. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या पोटातून पावसाळी ढग वर चढताना पाहिले असतील, तर त्यांचा वेग ठाऊक असेल. तिथे ४८ सेकंदांनी फोटो घेतला तर आधीच्या फोटोतला ढग पुढच्यात नसतोच. फिल्म नुसती लुकलुकते. तिथे दोन-तीन सेकंद हवेत. तीन सेकंदांनी २५० फोटो काढले की साडेबारा मिनिटांत दहा सेकंदांची फिल्म होते. मावळत्या सूर्याला पाच सेकंदांच्या आसपास पुरतात. तारे मंद चालतात, पण त्यांचा एकेक फोटोच अर्ध्या मिनिटाचा असतो, म्हणून तिथे अंतर तीस सेकंदांच्या खाली येऊच शकत नाही. इमारतीचं बांधकाम असेल तर दहा मिनिटं ते अर्धा तास.

माझा एक अनुभव: शंका असेल तेव्हा अंतर कमी ठेवावं. जास्त फोटो निघाले तर एक आड एक गाळता येतात. न काढलेला फोटो मात्र नंतर कुठून आणणार?

या आकड्यांतून खरेदीचा अर्धा निर्णय होऊन जातो. साडेबारा मिनिटं ढगांचं चित्रण करायचं असेल तर कुठलाही टायमर चालेल. चार तासांच्या फुलाला बॅटरीचा विचार हवा. दहा महिन्यांच्या बांधकामाला टायमरपेक्षा पेटी, वीज आणि पाऊस यांचाच विचार जास्त.

डबीच्या आत काय असतं

महाग वाटणाऱ्या या डबीचं काम दाराच्या बेलच्या बटणाएवढं साधं आहे. कॅमेऱ्याच्या बाजूला रबरी झाकणाखाली एक छोटं भोक असतं. त्यात बहुतेक वेळा तीन तारांची सोय असते. एक सामायिक, एक ‘फोकस कर’ म्हणणारी आणि एक ‘फोटो काढ’ म्हणणारी. शटरचं बटण अर्धं दाबल्यावर कॅमेरा जागा होतो आणि पूर्ण दाबल्यावर फोटो निघतो, ते आपल्याला माहीत आहे. आत काय होतं? अर्ध्या दाबाला दुसरी तार सामायिक तारेला टेकते, पूर्ण दाबाला तिसरीही टेकते. टायमर बोटाऐवजी विजेने ह्या तारा टेकवतो आणि सोडतो, इतकंच. कॅमेऱ्याला वाटतं, मालकानेच बटण दाबलं.

म्हणूनच कॅमेरा कंपनीचा स्वतःचा टायमर आणि त्याच्या कितीतरी कमी किमतीत मिळणारा बिनकंपनीचा, यांच्या कामात फारसा फरक नसतो. तार तारेला टेकवायला मोठी विद्या लागत नाही. फरक असतो तो बटणांच्या दर्जात, पाणी आत शिरू न देणाऱ्या बांधणीत आणि सेल किती टिकतो त्यात. घरातल्या फुलासाठी मी महाग टायमर घेणार नाही.

बिनकंपनीचा टायमर घेताना खरी अडचण टोकाची असते, म्हणजे पिनेची. प्रत्येक कंपनीचं भोक वेगळं, आणि एकाच कंपनीतही दोन-दोन. कॅननच्या साध्या मॉडेलांना २.५ मिलिमीटरचा गोल जॅक लागतो, जुन्या मोबाइलच्या हेडफोनच्या पिनेचा धाकटा भाऊ शोभेल असा. वरच्या मॉडेलांना तीन काड्यांची वेगळीच पिन. निकॉनच्या साध्या कॅमेऱ्यांना एक चपटी पिन, व्यावसायिक मॉडेलांना दहा काड्यांचा गोल सॉकेट. सोनीचं आणखी निराळं. पॅनासॉनिकने तर तारा सरळ टेकवण्याऐवजी मध्ये रोध घालून इशारे ठरवले आहेत, त्यामुळे पिन बसली तरी भाषा जुळत नाही. टायमर घ्यायचा तर ज्याची वायर काढता-घालता येते असा घ्यावा. उद्या कॅमेरा बदलला तर फक्त वायर बदलावी लागते.

वायरच नको म्हणणाऱ्यांसाठी बिनतारी प्रकार आहेत. इन्फ्रारेडवाला टीव्हीच्या रिमोटसारखा समोरासमोर असावा लागतो आणि भर उन्हात त्याचा भरवसा नाही. रेडिओवाला चांगला, पण दोन डब्या म्हणजे दोन ठिकाणचे सेल. ज्या कॅमेऱ्यापासून आपण दोन हातांवर बसलेलो असतो त्याला बिनतारीची गरज काय, हे मला कळलेलं नाही.

एसटीचं वेळापत्रक आणि ‘इंटरव्हल’

बहुतेक साध्या टायमरांच्या पडद्यावर चार गोष्टी भरायच्या असतात. डिले म्हणजे सुरू करण्याआधी किती थांबायचं. लाँग म्हणजे बटण किती वेळ दाबून धरायचं. इंटरव्हल म्हणजे मधलं अंतर. आणि एन म्हणजे एकूण किती फोटो.

डिले निरुपद्रवी आहे. पहाटे चारला उठायचा कंटाळा असेल तर उपयोगी.

एनमध्ये पहिला खड्डा आहे. काही टायमर ९९ च्या पुढे मोजत नाहीत, काही ३९९ वर थांबतात. आपल्याला ५०० हवे असतील तर फूल अर्धं उमलल्यावर टायमर गप्प. बहुतेकांत आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा ठेवायची सोय असते. तिचा अर्थ ‘मी थांबवेपर्यंत चालू दे’. मी तेच ठेवतो.

दुसरा खड्डा लाँगचा. कॅमेराच शटरची वेळ ठरवत असेल तर लाँग शून्य ठेवायचा. लाँग लागतो तो ‘बल्ब’वर. तिथे बटण दाबलेलं आहे तोवर शटर उघडं राहतं. (बल्ब म्हणजे दिवा नव्हे. जुन्या स्टुडिओत फोटोग्राफर एक रबरी गोळा दाबून हवेच्या दाबाने शटर उघडायचा, डॉक्टर ब्लडप्रेशर बघताना दाबतात तसा. गोळा गेला, नाव राहिलं.) लाँगमध्ये चुकून पाच सेकंद राहिले आणि कॅमेरा सलग फोटो काढण्याच्या सेटिंगवर असला, तर दर खेपेला एकाऐवजी फोटोंची माळ सुटते आणि अर्ध्या तासात कार्ड भरतं. हे मला कसं ठाऊक, ते विचारू नका.

तिसरा खड्डा सगळ्यांत खोल, आणि तो इंटरव्हल ह्या शब्दातच आहे. डेपोत पाटी असते, ‘दर अर्ध्या तासाने गाडी’. याचा एक अर्थ, साडेआठला एक सुटेल, नऊला दुसरी. आधीची कुठे आहे याच्याशी संबंध नाही. दुसरा अर्थ, गेलेली गाडी परत आली की त्यानंतर अर्ध्या तासाने पुन्हा निघेल. टायमरही या दोन जातींचे असतात. बल्बवर काम करताना काही टायमर बटण दाबल्यापासून अंतर मोजतात, काही बटण सोडल्यापासून. लाँग २० आणि इंटरव्हल ३० भरला, तर पहिल्या जातीचा टायमर दर ३० सेकंदांनी फोटो काढेल, दुसऱ्या जातीचा दर ५० सेकंदांनी. माहितीपत्रकात हे धड लिहिलेलं नसतं. घरी आणल्याबरोबर लाँग पाच आणि इंटरव्हल दहा भरून दोन ‘क्लिक’च्या सुरुवातींमधलं अंतर मोजावं. दहा निघालं की पहिली जात, पंधरा निघालं की दुसरी.

तीस म्हणजे बत्तीस

आकाशाचं टाइमलॅप्स करणाऱ्यांना एक कोडं हमखास भेटतं. एप्रिल-मेच्या कोरड्या रात्री भंडारदऱ्याकडे गेलात, कॅमेऱ्यावर ३० सेकंदांचं शटर ठेवलंत, टायमरवर ३१ सेकंद. हिशोब चोख. सकाळी पाहिलं तर निम्मेच फोटो. टायमर बिघडला म्हणून माणूस दुकानदाराशी भांडायला जातो.

टायमर निर्दोष असतो. शटरचे वेग दुपटी-दुपटीने चालतात: १, २, ४, ८, आणि पुढे १६, ३२. कॅमेऱ्यावर मात्र गोल दिसावं म्हणून १५ आणि ३० छापायची पद्धत पडली आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत ‘३०’चं शटर खरोखर ३२ सेकंद उघडं राहतं. ३१ व्या सेकंदाला टायमर बटण दाबतो तेव्हा कॅमेरा अजून आधीचाच फोटो काढत असतो. तो ऐकत नाही. पुढची हाक ६२ व्या सेकंदाला. म्हणून एक आड एक फोटो गळतो. टायमर ३४ वर ठेवा, प्रश्न मिटतो. ते जास्तीचे दोन सेकंद फोटो कार्डावर लिहायला लागतात.

याहून मोठा चोर म्हणजे ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ नावाची सोय. ती चालू असली की कॅमेरा अर्ध्या मिनिटाचा फोटो काढून झाल्यावर शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा आणखी एक काळा फोटो काढतो आणि त्यातले डाग पहिल्यातून वजा करतो. एकट्या फोटोसाठी उत्तम. टाइमलॅप्समध्ये प्रत्येक फोटोला दुप्पट वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात पृथ्वी फिरत असतेच, तासाला पंधरा अंशांनी. तारे उड्या मारत पुढे सरकतात. ही सोय बंद करूनच घराबाहेर पडावं.

इथून एक नियम निघतो, तो कुठल्याही टायमरला लागू: अंतर हे शटरचा वेळ आणि फोटो कार्डावर लिहिण्याचा वेळ यांच्या बेरजेपेक्षा मोठंच हवं. टायमर आंधळा आहे. कॅमेरा तयार आहे का, हे तो विचारत नाही. त्याची तार एकाच दिशेने बोलते.

घड्याळ किती अचूक हवं?

जाहिरातीत अचूकतेचं फार कौतुक असतं. त्यावर पैसे घालवू नयेत असं माझं मत, आणि त्याचं कारण क्वार्ट्झमध्ये आहे.

मनगटी घड्याळ असो वा टायमर, आत क्वार्ट्झचा एक चिमुकला तुकडा असतो. विजेने तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याला निम्मं करत जा. १६,३८४, मग ८,१९२, असं पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर १ उरतो. सर्किटला निम्मं करणं फार सोपं जातं, म्हणून हाच आकडा निवडला आहे. पंधरा पायऱ्या उतरल्या की सेकंदाला एक ठोका हातात येतो. टायमर तेवढेच मोजत बसतो.

अशा साध्या क्वार्ट्झची चूक महिन्याला पंधराएक सेकंदांची. फूल उमलायच्या चार तासांत ती शंभर मिलिसेकंदांपलीकडे जात नाही. आणि समजा ४८ ऐवजी प्रत्येक वेळी ४९ सेकंद झाले, तरी काय बिघडलं? फूल तितक्याच संथपणे उमलेल. टाइमलॅप्सला घड्याळ बरोबर असण्याशी घेणंदेणं नाही, ते नियमित असण्याशी आहे. घरातलं पाच मिनिटं मागे असलेलं घड्याळ रोज पाच मिनिटंच मागे असलं, तर त्यावर संसार चालतो. एक ठोका ४८ वर, पुढचा ५५ वर, मग ४१ वर असं झालं की मात्र फूल धक्के खात उमलतं. माझ्या जेवणाच्या सुट्टीसारखं.

खरी अचूकता दोनच ठिकाणी लागते. दोन कॅमेरे एकाच वेळी चालवायचे असतील तेव्हा, किंवा महिनोन्महिने रोज त्याच वेळी फोटो घ्यायचा असेल तेव्हा.

कॅमेऱ्यात आधीच असेल तर

पैसे देण्याआधी आपल्याच कॅमेऱ्याचा मेन्यू शेवटपर्यंत चाळावा. निकॉनने ही सोय २००५ च्या डी-२०० मध्येही दिली होती. कॅननने ‘इंटरव्हल टायमर’ या नावाने ती २०१४ च्या सेव्हन-डी मार्क टूमध्ये दिली. सोनीने २०१९ मध्ये काही मॉडेलांना ती नुसत्या सॉफ्टवेअर अपडेटने बहाल केली, म्हणजे जुन्या मालकांना फुकटात टायमर मिळाला. सुरुवातीच्या स्वस्त डीएसएलआरमध्ये ती बहुतेक वेळा नसते. बाहेरच्या टायमरचं गिऱ्हाईक आज मुख्यतः तेच.

आतल्या टायमरचा एक मोठा गुण, तो आंधळा नसतो. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर किती, झोपायची वेळ कधी, हे त्याला ठाऊक असतं. बाहेरच्या टायमरबरोबर कॅमेऱ्याची ‘आपोआप बंद’ होण्याची सोय आडवी येते. एक मिनिट काही घडलं नाही की कॅमेरा झोपतो, आणि दहा मिनिटांनी आलेली पहिली हाक त्याला उठवण्यातच खर्च होते, फोटो निघतच नाही. बाहेरचा टायमर लावताना ती सोय बंद ठेवावी.

आतल्याचा दोष म्हणजे काही मॉडेलांत तो फोटोंच्या संख्येवर किंवा शटरच्या वेळेवर मर्यादा घालतो. बल्बशी बहुतेकांचं जमत नाही.

मोबाइलचा प्रकार आणखी गमतीचा. आयफोनमध्ये २०१४ साली टाइमलॅप्स आलं, तेव्हा त्यात अंतर निवडायची सोयच ठेवली नव्हती. फोन सुरुवातीला सेकंदाला दोन फोटो घेतो. दहा मिनिटं उलटली की आधीच्या फोटोंतला एक आड एक टाकून देतो आणि पुढे सेकंदाला एक घेऊ लागतो. वीस मिनिटांनी पुन्हा तेच, आता दोन सेकंदांनी एक. चाळीसला चार. किती वेळ लावून ठेवणार हे आपण आधी सांगत नाही, तरी फिल्म वीस ते चाळीस सेकंदांच्या दरम्यान बसते. पातेलं भरत आलं की अर्धं ओतून टाकायचं आणि धार निम्मी करायची, अशी ही युक्ती. भटकंतीला झकास. फुलाचा किंवा ताऱ्यांचा वेग आपल्या मनाप्रमाणे हवा असेल तर मात्र अंतर स्वतः ठरवू देणारं ॲप किंवा खरा टायमर लागतो.

┌───────────────┐
दुकानात जाताना खिशात ठेवायची चिठ्ठी

किती सेकंदांची फिल्म × २५ = किती फोटो.
एकूण वेळ ÷ फोटो = अंतर.

कॅमेऱ्यात टायमर आहे का? अंतर आणि संख्या पुरेशी आहे का? असेल तर दुकानात जाऊच नका.

नसेल तर: आपल्या कॅमेऱ्याच्या भोकाचा फोटो सोबत न्या. सुटी वायर लागणारा, ‘अमर्याद’ फोटोंची सोय असलेला, सहज मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारा टायमर बघा. बटण सेलवाला असेल तर जादा सेल घ्या.

दोन-चार दिवसांहून लांब काम असेल तर हा टायमर नकोच. पुढे वाचा.
└───────────────┘

महिने मोजायचे असतील तर

दर अर्ध्या तासाने, रोज बारा तास, दहा महिने एखादी इमारत उभी राहताना टिपायची. दिवसाला चोवीस फोटो, तीनशे दिवसांचे ७,२००. फिल्म जवळपास पाच मिनिटांची. नवशिक्याला वाटतं की दर मिनिटाला फोटो हवा. तसं केलं तर दोन लाखांवर फोटो होतील. आरशाच्या कॅमेऱ्याचं यांत्रिक शटर साधारण एक ते दोन लाख फोटोंसाठी बनवलेलं असतं, म्हणजे इमारत पुरी होण्याआधी कॅमेरा भंगारात.

इथे टायमरची अक्कल बदलते. नुसतं ‘दर इतक्या वेळाने’ पुरत नाही, ‘सकाळी सहा ते संध्याकाळी सहा’ हे कळणारं घड्याळ हवं. नाहीतर निम्मे फोटो अंधाराचे. रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक कॅमेऱ्याला जोडून हे करता येतं. पण त्याच्या जुन्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. लाइट गेली आणि इंटरनेटही नसलं, तर परत सुरू झाल्यावर त्याला किती वाजले ते कळत नाही. घड्याळाचं एक छोटं जोडसर्किट त्याला लावावं लागतं. ज्यांना सोल्डरिंगची हौस नाही त्यांच्यासाठी ब्रिन्नोसारखे चार पेन्सिल सेलवर चालणारे, स्वतःच फिल्म जोडून देणारे टाइमलॅप्स कॅमेरे आहेत. चित्राचा दर्जा मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा कमी, झोप मात्र शांत लागते.

वीज हा इथला खरा शत्रू. २००७ मध्ये जेम्स बॅलॉग या अमेरिकी छायाचित्रकाराने ‘एक्स्ट्रीम आइस सर्व्हे’ सुरू केला. ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का इथे हिमनद्यांसमोर सौर पॅनल लावलेले कॅमेरे वर्षानुवर्षं उभे करायचे, असा बेत. ‘चेसिंग आइस’ या २०१२ च्या माहितीपटात एक क्षण आहे. महिन्यांनंतर माणसं कॅमेऱ्यांपाशी पोचतात, पेटी उघडतात आणि आत फोटोच नाहीत. लेन्स, सेन्सर सगळं ठीक, पण खास बनवून घेतलेल्या टायमरच्या सर्किटने दगा दिलेला. ते सर्किट नव्याने करावं लागलं. थंडीत बॅटरीही आपली ताकद पूर्ण देत नाही, आतली रासायनिक क्रिया मंदावते. आपल्याकडे थंडीचा प्रश्न कमी, पण पावसाळ्यातली ओल आणि गच्चीवरचं एप्रिलचं ऊन पेटीला तितकंच छळतं.

साठ मिनिटांचं अंडं

जाता जाता एका स्वस्त उपकरणाबद्दल. स्वयंपाकघरातला चावीचा टायमर असतो, अंडं उकडताना पिळून ठेवायचा. तो साठ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो, म्हणजे मिनिटाला सहा अंश. लोक त्याच्यावर छोटा कॅमेरा किंवा मोबाइल बसवतात आणि पिळून सोडून देतात. पंचवीस मिनिटांच्या टाइमलॅप्समध्ये कॅमेरा दीडशे अंश वळतो आणि फिल्म पाहताना कुणी मोठं यंत्र वापरलं असावं असं वाटतं. वजन कमी ठेवावं आणि आधी टायमर पूर्ण पिळून मग मागे आणावा, नाहीतर स्प्रिंगमध्ये पुरेसा जोर येत नाही. शेवटी घंटा वाजते, त्याने दचकू नये.

यंदाचं फूल

यंदा जुलैत तीन कळ्या आल्या. मी स्वस्तातला टायमर लावला. इंटरव्हल ४८, लाँग शून्य, एनमध्ये दोन रेघा. गॅलरीतला एलईडी दिवा रात्रभर चालू ठेवला, कारण उजेड बदलला तर टायमर त्याबाबतीत काहीच करू शकत नाही. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं हाताने ठरवून कुलूपबंद केलं, नाहीतर कॅमेरा दर फोटोला नवीन मत बनवतो आणि फिल्म लुकलुकते. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं. ते थोडं मिटवून ठेवलं की त्याच्या पाकळ्या दर फोटोला अगदी त्याच जागी मिटतीलच असं नाही, आणि तेवढ्यानेही उजेड पुढेमागे होतो.

बारा सेकंदांत फूल उमललं. एकशे चाळिसाव्या फोटोच्या आसपास आत्याचा हळदकुंकवाचा हात एका चौकटीपुरता येऊन गेला आहे. खालच्या मजल्यावरच्या काकांनी ती फिल्म चार वेळा पाहिली आणि त्यांच्याकडच्या कळीसाठी टायमर मागितला. मी लगेच दिला. अर्ध्या तासाने ते कॅमेरा आणि टायमर दोन्ही घेऊन परत आले, वायरीचं टोक माझ्यासमोर धरून. माझा जॅक गोल, त्यांच्या कॅमेऱ्याचं भोक चपटं.